नववीच्या वाचनातली भाकर

कवठाळीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक सूर्यभान सर यांचा परिपत्रकांवर भारी जीव. वरून कागद आला की ते आधी तो कपाळाला लावत आणि मग वाचत. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात असाच एक कागद आला. नववीच्या मुलांसाठी समाजातल्या प्रश्नांवरच्या कविता आणि कथा शाळेनं स्वतः निवडाव्यात, त्यांची पुस्तिका करावी आणि आठवड्यातून एक तास ती वाचून घ्यावी, असं त्यात म्हटलं होतं. सरांनी कागद कपाळाला लावला, वाचला आणि तिथंच त्यांच्या कपाळाला आठी पडली. समाजातले प्रश्न शहरात असतात, ते कवठाळीत कुठून आणायचे, असा त्यांना प्रश्न पडला.

निवडीचं काम अर्थातच कुसुमबाईंच्या गळ्यात पडलं, कारण मराठी त्या शिकवत. कुसुमबाई पिंगळीकडच्या एका खेड्यातल्या, बौद्ध घरातल्या. औरंगाबादेत शिकून, बी.एड. होऊन त्या इथं लागल्या होत्या. देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि मग गावापर्यंत चालत यायचं, म्हणून दोन-चार महिन्यांत कंटाळून पळून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी गावातच खोली घेतली आणि गावाचा अंदाज चुकवला. बोलायला फटकळ, शिकवायला जीव तोडून, आणि हसल्या की स्टाफरूमच्या बाहेर ऐकू जाई. एवढ्या मोकळ्या बाईनं एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती पुढे येईलच.

सरांनी त्यांना बोलावून प्रश्नांची यादीच सांगून टाकली. हुंडा घ्या, निरक्षरता घ्या, झाडं लावा वगैरे घ्या. दारूवरचीही एखादी कविता चालेल, कारण दारू पिणारे काही पुस्तिका वाचायला येत नाहीत. थोडक्यात, ज्या प्रश्नांचा कवठाळीत कुणालाच राग येणार नाही असे प्रश्न घ्या. कुसुमबाईंनी मान डोलावली आणि खोलीवर जाऊन खाटेखालची ट्रंक ओढली. औरंगाबादेत असताना जमवलेली छोटी छोटी मासिकं तिच्यात भरलेली होती. कागद भिकार, छपाई ओबडधोबड, पण आत माणसं जिवंत.

पंधरवडाभर त्या वाचत होत्या. निवड करणं म्हणजे चांगलं तेवढं उचलणं असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात चांगलं पुष्कळ निघतं आणि रडायची वेळ येते ती सोडून द्यायचं काय, यावर. एक कथा फार सुंदर होती, पण तिच्यातलं दुःख चाळिशीच्या बाईचं होतं, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ते उगाच जड झालं असतं. एका कवितेत नुसता संताप होता. वाचून हात शिवशिवत, पण डोक्यात काही उरत नसे. ती त्यांनी बाजूला ठेवली. शाळा सोडवून लग्नाला उभ्या केलेल्या मुलीची गोष्ट घेतली. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांमध्ये मुकादमाशी भांडून सावली मागणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट घेतली. अशा सहा-सात गोष्टी आणि कविता निघाल्या, आणि सगळ्यांत शेवटी हाताला लागली ती ‘भाकर’.

कवीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कविता अर्ध्या पानाची. एक आई दिवेलागणीला गावातून भाकरी मागून आणते आणि तिचा मुलगा ती झोळी उघडतो, एवढीच हकीकत. कुसुमबाईंनी ती वाचली आणि मासिक मिटून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी कुणाला न सांगितलेली गोष्ट हीच होती. त्यांची आई चांगुणाबाई धर्मांतराच्या आधी घराची पाळी आली की अशीच झोळी घेऊन गावात फिरायची. गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकर घ्यायची. त्या भाकरीवर कुसुमबाईंचं बालपण गेलं. पुढं छप्पन साली बौद्ध झाल्यावर घरानं गावकी सोडली, झोळी चुलीत घातली, आणि चांगुणाबाईनं लेकीला बजावलं की शाळेत हे कुणाला सांगू नको, पोरं तोंडावर म्हणतील. लेकीनं ते पाळलं. शाळेत पाळलं, कॉलेजात पाळलं, नोकरीतही पाळलं. पुस्तकांनी तिला ते पाळायला मदतच केली. पहिलीपासून बी.ए.पर्यंत तिनं किती धडे वाचले असतील; राजे आले, संत आले, आंब्याच्या बागा आणि कोकणातली मामाची घरं आली. तिच्या घरातली संध्याकाळ एकाही धड्यात आली नाही. मग माणसाला वाटू लागतं की जे छापून येत नाही ते सांगण्यासारखं नसावं. नववीच्या वर्गात आज तशा घरांतली मुलं बसत होती, आणि त्यांच्याही मनात हेच घर करून बसलं असणार, हे बाईंना न विचारता कळत होतं. ही कविता पुस्तिकेत गेलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. बाकीच्या दोन-तीन गळाल्या तरी चालतील, ही नाही.

सूर्यभान सरांनी यादी पाहिली आणि ‘भाकर’पाशी त्यांचं घोडं अडलं. भाकरीत कसला आलाय सामाजिक प्रश्न, असं त्यांनी आधी हसून विचारलं. मग कविता वाचली आणि हसणं थांबलं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांना फक्त शाळेत आवाज नको असे, घंटा झाली तरी ते कान झाकून घेत. त्यांनी बाईंना हो-नाही काही सांगितलं नाही, कागद घडी करून खिशात घातला आणि संध्याकाळी ईश्वरआप्पांच्या दुकानाची वाट धरली.

ईश्वरआप्पा म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. लिंगायत समाजातलं वजनदार घर, किराणा-भुसाराचं दुकान, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. शाळेची जागा त्यांनीच दिलेली, त्यामुळे शाळेत त्यांचा शब्द म्हणजे फैसला. सरांनी त्यांना सांगितलं की बाईंनी अशी कविता निवडली आहे जिच्यात गावाला शिव्या आहेत. आप्पांनी विचार केला आणि ती काढून टाका म्हणून निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुसुमबाई तरातरा दुकानावर गेल्या. आप्पांनी बसायला पोतं दिलं, चहा सांगितला, आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. गाव आता कुठं सुधारत आलंय, पोरं एका बाकावर बसतात, मागचं उकरून काय मिळायचं, असा त्यांचा रोख होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की आप्पा, तुम्ही कविता वाचलीत का?

आप्पा ओशाळले. त्यांची सगळी तालीम निजामाच्या काळात उर्दूत झालेली. उर्दू अखबार ते घडाघडा वाचत, पण मराठी ओळ त्यांना बोट लावून लावून, अडखळत वाचावी लागे, आणि कविता तर त्याहून अवघड. ते म्हणाले, "आमी कुठं वाचायलाव, बाई. सरांनी मतलब सांगितला."

"मग मतलब तुम्ही स्वतः काढा," बाई म्हणाल्या. "न ऐकता नाही म्हणालात तर मी ऐकणार नाही. ऐकून नाही म्हणालात तर ऐकेन."

आता आप्पा रागीट असते तर गोष्ट इथंच संपली असती. पण ते रागीट नव्हते, न्यायी होते, आणि न्यायी माणसाला असं कुणी तोंडावर सांगितलं की त्याचा पाय अडकतोच. त्यांनी सरांना बोलावलं आणि सांगितलं की रविवारी पालकांची सभा घ्या, सगळ्यांपुढं वाचून होऊ द्या.

सरांना नको तिथं हुशारी सुचली. सभा म्हटलं की भाषणं, वाद, आवाज. त्यापेक्षा आपल्या मठात श्रावणात पोथी लागते तशी बैठक करू, असं त्यांनी सुचवलं. बाई वाचतील आणि आप्पा ओळीओळीला अर्थ सांगतील. लोकांना सवय आहे, गडबड होणार नाही. मनातला हिशेब वेगळाच होता. कवठाळीत आप्पांसारखा अर्थ सांगणारा दुसरा नव्हता. त्यांनी अर्थ सांगताना चार कोरडे ओढले की कविता आपोआप झोपेल आणि बाईंना कुणी वाईट म्हटलं असंही होणार नाही. आप्पांना कल्पना आवडली. बाईंना विचारलं तेव्हा त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की सर चपापले.

त्याचं कारण असं. कवठाळीच्या पोथीला एक कायदा होता आणि तो आप्पांच्या आजोबांपासून चालत आलेला होता. वाचणाऱ्यानं ओळ वाचायची, अर्थ सांगणाऱ्यानं अर्थ सांगायचा, पण सांगणाऱ्यानं पोथीला नावं ठेवायची नाहीत. चूक-बरोबर ठरवणं त्याचं काम नव्हे. ओळीत जे आहे ते उलगडून दाखवायचं, एवढंच. आणि अर्थ सापडला नाही तर थापा मारायच्या नाहीत, सरळ ‘राहिलं’ म्हणायचं. मग ऐकणाऱ्यांतल्या कुणीही सांगावा आणि तो सगळ्यांनी मान्य करावा. कुणीतरी तो सांगेपर्यंत पुढची ओळ वाचायची नाही आणि बैठकीतून उठायचंही नाही. नववीची पोरं वर्गात हाच खेळ खेळत. इतिहासाचा धडा एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे, आणि अडला की सगळा वर्ग ‘राहिलं, राहिलं’ म्हणून ओरडे. त्यांना दटावता दटावता बाईंना कायदा पाठ झाला होता. सरांचं मठात जाणं-येणं होतं, पण ते पोथीला डुलक्या घेत.

रविवारी दुपार टळल्यावर शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. मधे चौरंग, चौरंगामागं आप्पा, समोर कुसुमबाई. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बायकांत पुढं आप्पांच्या पत्नी चन्नबसम्मा बसल्या होत्या. त्यांना सगळं गाव अम्मा म्हणे. आप्पा जिथं अर्थ सांगत तिथं त्या बसत, पण आजवर बैठकीत त्यांनी तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. बौद्धवाड्यातल्या आया आल्या त्या सतरंजी सोडून मागं लिंबाखाली टेकल्या. त्यांना तिथं बसा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि इकडं या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आधी बाकीच्या निवडी झाल्या. शाळा सुटलेल्या मुलीच्या गोष्टीला बायकांनी पदर डोळ्यांना लावला. सावली मागणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीला पुरुषांनी मांड्यांवर हात मारले, कारण खडी फोडायला त्यातले निम्मे जाऊन आलेले. आप्पा रंगात आले. मग बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि ‘भाकर’ काढली. आवाज कापू नये म्हणून त्यांनी पानाऐवजी आप्पांच्या रुमालाकडं नजर लावली. कविता त्यांना पाठच होती.

"आय भाकर घेऊन यायची दिवेलागणीला. झोळीत साऱ्या गावाच्या भाकरी एकमेकींना टेकून बसायच्या."

सर सावरून बसले. आता आप्पा कोरडा ओढणार. पण आप्पांना सवय अर्थाची होती, ओढायची नव्हती. ओळ कानावर पडली की त्यांचं मन आपोआप तिच्या आत शिरे. त्यांनी डोळे मिटले आणि सांगू लागले, "आता बगा, भाकर ताटात आडवी आसती. झोळीत ती उभी ऱ्हाती, येकीला दुसरीचा आधार. पाटलाची भाकर हाय, तिला कुंभाराची टेकली, तिला तेल्याची टेकली. भाकरीला जात न्हाई कळत. गाव जे करत न्हाई ते भाकरी झोळीत करायल्यात." पुरुषांत कुणीतरी वा म्हणालं. आप्पा स्वतःच थबकले. हा अर्थ सांगायचा असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

बाईंनी पुढं वाचलं. "मी डोळे मिटून ओळखायचो, ही जाड काठाची पाटलाची, ही करपलेली सुताराची, त्याची बायको आजारी आहे. सगळ्या घरांची चव मला पाठ. एकाही घराचा उंबरा पाठ नाही."

आप्पांनी रुमाल चाचपला. मग हळू सांगितलं, की लेकराला भाकरीच्या करपटीवरून कळतं कुणाच्या घरात आजारपण आहे. त्याला साऱ्या गावाचं सुखदुःख ठाऊक आहे. "आन् गावाला त्याच्या घरचं काय ठाव हाय?" त्यांनी बैठकीलाच विचारलं. "कायबी न्हाई. त्यो आत आलाच न्हाई तर कळंल कसं. ह्यो मतलब."

सूर्यभान सरांची पाचावर धारण बसली. ज्या माणसानं कविता मारायची तोच तिला पाणी घालत होता. त्यांनी खाकरून पाहिलं, घड्याळ दाखवून पाहिलं, पण अर्थ चालू असताना सांगणाऱ्याला टोकत नाहीत, एवढं तरी त्यांना माहीत होतं.

आता शेवटच्या ओळी उरल्या होत्या. कुसुमबाईंनी त्या वाचल्या. "भाकर वरून यायची. खाली झोळी असायची. मधे कुणाचाच हात नसायचा."

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या घरून कुणी रिकामं गेलं नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता! लग्नकार्यात, पंचायतीत, कुठंही ते सांगत की आमच्या दारातून झोळी रिकामी परतली नाही. त्या ओळीचा अर्थ त्यांना समजला नव्हता असं नाही. तो त्यांच्या घशाशी आला होता आणि बाहेर पडत नव्हता. कायद्यापुढं त्यांनी मान तुकवली आणि म्हणाले, "राहिलं."

आप्पांच्या तोंडून हा शब्द गावानं पहिल्यांदाच ऐकला. पुरुष एकमेकांकडं पाहू लागले. सांगायला कुणी पुढं होईना, कारण आप्पांना जे राहिलं ते आपण सांगणं म्हणजे केवढी आगळीक. आणि कुणी सांगेना तर उठताही येईना. कुसुमबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. अर्थ त्यांना सांगता आला असता. त्यांच्याइतका तो त्या पटांगणात फार थोड्यांना ठाऊक होता. पण वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नसतो, आणि त्यांना तो आपल्या तोंडून यायला नकोही होता. हे असंच राहिलं, अंधार पडला, लोक कायदा मोडून उठून गेले, तर कविता गेली. आणि कवितेबरोबर त्यांची हिंमतही गेली असती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "मी सांगते."

चन्नबसम्मा उठून उभ्या राहिल्या होत्या. आप्पांनी चमकून मान वर केली. अम्मांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पदर सारखा केला आणि बोलू लागल्या.

"भाकर ह्यांनी न्हाई घातली, मी घातली. मला सासूबाईनं शिकिवलं व्हतं. हात वर धरायचा आन् भाकर सोडायची, झोळीला बोट लागू द्यायचं न्हाई. मला ते लय नीट जमायचं. भाकर ताजी द्यायचे, वर चटणी द्यायचे, आन् वाटायचं आपुन देतो. आज बाईनं वाचलं तवा कळालं. हातानं हातात दिलं तर ते देनं. वरून सोडलं तर ते टाकनं. मी टाकीत व्हते." त्या थांबल्या. "येवढी वर्सं येकच बाई यायची माज्या दारात. तिचं नाव मी कदी इचारलं न्हाई. ह्यो अर्थ हाय."

मग मागून, लिंबाखालून, एक बाई उठली. नववीतल्या एका मुलीची आई होती ती. तिनं डोक्यावरचा पदर ओढला नाही, उलट सोडून खांद्यावर घेतला.

"तानुबाई," ती म्हणाली. "माजं नाव तानुबाई हाय, अम्मा."

चन्नबसम्मांनी ते नाव एकदा मनात म्हटलं, एकदा मोठ्यानं म्हटलं. मग आपल्या शेजारची सतरंजी हातानं झाडली आणि म्हणाल्या, "तानुबाई, हितं ये. हितं बस माज्यापाशी." तानुबाई लगेच गेली नाही. क्षणभर तिनं अम्मांकडं नीट, पारखून पाहिलं. मग लिंबाखालच्या सगळ्या बायकांना हातानं खूण केली आणि त्यांना घेऊनच पुढं आली. अम्मांनी तिच्यासाठी एकटीपुरती जागा केली होती, ती पुरेना. मग पुढच्या रांगेतल्या बायका सरकल्या, मागच्या सरकल्या, आणि सगळी सतरंजी नव्यानं बसली.

आप्पा चौरंगामागून उठले. सरांना वाटलं आता फुटतंय काहीतरी. आप्पा म्हणाले, "अर्थ सांगून झाला. कायद्यानं मान्य करावा लागतो, पण मी कायद्यानं करायला न्हाई, मनानं करायलाव." मग सरांकडं वळून म्हणाले, "सर, पुस्तिकेत ही कविता पयली टाका. आन् मला मतलब सांगायला येऊ नका यापुढं, मी बाईंकडून ऐकून घेत जाईन."

पटांगण हसलं. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण त्यांना एवढं कळलं होतं की आवाज झाला खरा, पण तो भांडणाचा नव्हता. कुसुमबाईंना मात्र हसू आणि रडू एकदमच आलं आणि त्यांनी दोन्ही आवरलं नाही. आपण जिंकलो, असं त्यांना अगदी उघड उघड वाटलं. परीक्षेत पहिल्या आल्या तेव्हा वाटलं नव्हतं, नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हाही वाटलं नव्हतं, एवढं ते आज वाटलं.

सेलूला जाऊन पुस्तिका सायक्लोस्टाईल करून आणली. शाई थोडी पसरली होती, काही पानं तिरकी लागली होती, पण उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर ‘भाकर’. वर्गात नेण्याआधी बाई सुट्टी काढून पिंगळीला उतरल्या आणि आईपुढं पुस्तिका ठेवली. चांगुणाबाईला वाचता येत नव्हतं. लेकीनं वाचून दाखवलं आणि सभेत काय झालं ते सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकलं, कितीतरी वेळ चूल सारखी करत राहिली, आणि मग म्हणाली, "आता सांगायचं तर सांग पोरांला. माजं नाव घेऊन सांग."

नववीचा पहिला वाचनाचा तास झाला तेव्हा वर्ग गच्च भरला होता. पोरांना सभेची हकीकत पाठ होती, त्यामुळे अर्थ सांगायला चढाओढ लागली आणि ‘राहिलं’ म्हणायची पाळी एकदाही आली नाही. कविता संपली. बाईंनी पुस्तिका टेबलावर पालथी ठेवली. अठरा वर्षं न उच्चारलेलं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं आणि बाहेर पडलं.

"माझ्या आईचं नाव चांगुणाबाई," त्या म्हणाल्या. "ती अशी भाकर आणायची. मी ती खाऊन मोठी झाले."

बाई वाट पाहत राहिल्या. कुणी मान खाली घालील, कुणी शेजाऱ्याला कोपर मारील, कुणी उगाच खोकेल, हे सगळं त्यांनी मनात कितीदा पाहून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. तिसऱ्या बाकावरच्या तानुबाईच्या मुलीनं हात वर केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"बाई, कुणाच्या घरची चांगली लागायची?"

कुसुमबाई हसल्या, शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू जाईल एवढ्या हसल्या, आणि खुर्ची ओढून मुलांच्या बाकांपाशी येऊन बसल्या. "तेलिणीची," त्या म्हणाल्या. "तिच्यासारखी भाकर पुन्हा खाल्ली नाही. आणि वाईट म्हणशील तर कुलकर्ण्यांची, जाडच्या जाड आणि मधे कच्ची." वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, की बाई, आमची आजी म्हणते सोनाराची लय बारीक असायची. दुसरा म्हणाला, आमच्या आत्याला विचारून सांगतो. बाईंनी एकेक घर सांगायला घेतलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्या जेमतेम अर्ध्या गावात पोचल्या होत्या, आणि वर्गातलं कुणी जागचं उठलं नाही.